गूळ, गंज आणि हिरडा

गेल्या पावसाळ्यात आमच्या परसातल्या कट्ट्यावर एक काचेची बरणी पाच आठवडे आंबत होती. आत मार्केट यार्डातून आणलेला गुळाचा चुरा, पाणी, आणि उद्यमनगरातल्या भंगारवाल्यानं "सर, ह्याचं काय करणार?" असं विचारत फुकट दिलेले मूठभर गंजके खिळे नि वायसर. पहिल्या आठवड्यात फेस आला. दुसऱ्यात वास सुटला. तिसऱ्यात शेजारच्या वहिनींनी कंपाउंडवरून डोकावून गटार तुंबलंय का म्हणून चौकशी केली. आठवीतली नात रोज शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी झाकण उघडायची आणि नाक मुरडून सांगायची, "आजोबा, अजून तपकिरीच हाय."

पाच आठवड्यांनी गाळून घेतलं तर हाती आलं पातळ चहासारखं पाणी. पांढऱ्या कापडावर कुंचल्यानं ओढून पाहिलं. मळकट राखाडी ओघळ. एवढ्यासाठी महिनाभर वास सोसला का, असा चेहरा घरातल्या सगळ्यांचा. मग काष्ठौषधीच्या दुकानातला हिरडा कुटून, त्याच्या पाण्यात रात्रभर भिजवून वाळवलेला दुसरा तुकडा घेतला. त्यावर तोच कुंचला, तेच पाणी. रेघ ओढता ओढता काळी होत गेली, तव्याच्या बुडासारखी. नात जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "आता मी चिंच घालून बघतो." (कोल्हापुरात मुलीही 'बघतो'च म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी लाल पेन खाली ठेवावं.)

ह्यात आम्ही शोध काहीच लावला नाही. लोखंड आणि गूळ एकत्र आंबवून काळा रंग करायची रीत आंध्रातल्या श्रीकाळहस्तीचे, कापडावर कलमानं चित्रं काढणारे कलमकारी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत. आंबलेल्या गुळाच्या आम्लात लोखंड उतरतं, हिरड्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, दोघांची गाठ पडली की काळं होतं. हिरडा तर कोल्हापूरचा जुना सोयरा. कोल्हापुरी चपलेचं कातडं परंपरेनं बाभळीची साल आणि हिरडा ह्यांनीच कमावतात. गूळ इथला, ओतकामाच्या कारखान्यांमुळे लोखंड इथलं, हिरडा सह्याद्रीतला. म्हणजे काळा रंग ह्या गावात तीन ठिकाणी सुटा सुटा पडून होता, आणि सव्वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवताना मी तो पोस्टर कलरच्या बाटलीतून विकत आणत होतो.

माती, पानं, साली, गंज, पाणी ह्यांच्याशी खेळत कला करायची असेल तर शेवटी काय तयार होणार हे आधी ठरवता येत नाही. आपल्या शाळा, स्पर्धा आणि पर्यावरणपूरक म्हणवणाऱ्या कार्यशाळा मात्र नेमकं तेच आधी ठरवून टाकतात. मला वाटतं, गुण नसलेला वेळ आणि घाण करायची मुभा असलेली जागा मुलांना सार्वजनिक पैशातून मिळाली पाहिजे. हा कुणाच्या हौसेचा विषय नाही, शाळेच्या वेळापत्रकाचा आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकाचा आहे.

आधी माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो. इलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना मी किती मुलं बसवली त्याची गणती नाही. इंटरमिजिएटला ए ग्रेड असली की दहावीला ७ गुण, बी असली तर ५, सी असली तर ३. पालक चित्रकलेच्या सरांना नमस्कार करतात तो ह्या हिशोबानं. पितळी तांब्या, शेजारी वांगं, मागं चुण्या पडलेलं फडकं. वांग्यावरचा चकाकता ठिपका कुठं कोरा सोडायचा हे माझ्या मुलांना झोपेतून उठवून विचारलं तरी यायचं. एकदा सातवीतल्या एका पोरानं मैदानाकडेच्या जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर रगडून मागचा भाग रंगवला. जांभळट निळा. डब्यातली लिंबाची फोड पिळली तिथं लख्ख गुलाबी. तो पळत दाखवायला आला. मी म्हणालो, "सर्टिफिकेट पाहिजे का खेळ पाहिजे?" आणि नवा कोरा कागद त्याच्या हातात दिला. त्या पोराचं नाव आज आठवत नाही. गुलाबी डाग आठवतो.

परीक्षा वाईट असतात असं मी म्हणत नाही. नजर बसते, हात बसतो, आणि गरीब घरातल्या मुलाला ते ७ गुण खरोखर उपयोगी पडतात. पण परीक्षेला उत्तर आधी माहीत असावं लागतं. जास्वंदीवर लिंबू पिळल्यावर काय होईल हे तपासणाऱ्याला माहीत नसेल तर तो गुण कशाला देणार?

मग शाळेबाहेर तरी काय आहे? श्रावण आला की गल्लोगल्ली शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळा लागतात. मीही त्यांत शिकवलं आहे. दोन तास, चाळीस मुलं, प्रत्येकासमोर मळून आणलेला गोळा आणि साचा. साच्यात दाबा, काढा, सोंड नीट करा, फोटो. चाळीस गणपती, सोंड एकाच बाजूला. पंचगंगेत प्लास्टर कमी जातं, ही मोठीच गोष्ट आहे, आणि काहिलीत विसर्जन करायची कोल्हापूरकरांनी लावून घेतलेली सवय तर दाद देण्यासारखी. गूळ उकळायच्या काहिलीत बाप्पा बुडवणं हे आमच्याशिवाय कुणाला सुचणार! पण नैसर्गिक साहित्य वापरलं एवढ्यानं निसर्गाशी ओळख झाली असं मानायचं कारण नाही. शाडू बहुतेक गुजरातेतून पोत्यांनी येतो. ती माती कुठल्या जमिनीतली, पाण्यात ती विरघळते की नुसती तळाशी बसते, वाळताना किती आकसते, हे त्या दोन तासांत कुणी विचारत नाही. विचारलं तर मूर्ती पूर्ण होणार नाही.

माती काय असते हे मला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत कळलं, तेही निवृत्त झाल्यावर. सहा मुलं घेऊन एका ओळखीच्या कुंभारमामांकडे गेलो होतो. मुलांना वाटलं आता चाक फिरवायचं. मामांनी प्रत्येकासमोर मातीचा ढीग टाकला आणि म्हणाले, "आधी खडं काढा." तासभर पोरं खडे वेचत होती. दुसऱ्या तासाला तुडवणं. मातीत पूर्वी घोड्याची लीद घालायचे, भांडं वाळताना नि भाजताना तडकू नये म्हणून. मी विचारलं, आता काय घालता? "लीद कुठली मिळतीय सर आता? भाताचं तूस घालतोय. कधी जमतंय, कधी फुटतंय." कोपऱ्यात फुटलेल्या कुंड्यांची रास होती. मुलांना त्या राशीतच जास्त रस. कुठली का फुटली ह्यावर मामा आणि एक सहावीतली मुलगी ह्यांचा अर्धा तास वाद चालला, आणि दोन कुंड्यांच्या बाबतीत मुलीचं म्हणणं मामांनी मान्य केलं.

कारागीर ठरलेली वस्तू करतो आणि कलाकार प्रयोग करतो, असं आपण सहज बोलून जातो. तूस घालून बघणारा माणूस प्रयोग करत नाही तर काय करतो? फरक असलाच तर एवढा की त्याचा प्रयोग फसला तर त्या आठवड्याचा बाजार बुडतो. माझा फसला तर शेजारच्या वहिनी विचारायला येतात.

वासावरून आठवलं. माझ्या बरणीच्या वासाला गल्लीनं पाच आठवडे सोसलं. कातडं कमावण्याचा वास ज्यांच्या अंगाला जन्मभर चिकटला, त्यांना गावानं वेशीच्या कुठल्या बाजूला राहायला लावलं हे सांगायला नको. साल, चुना, हिरडा, माती, काजळी ह्यांचं ज्ञान आपल्याकडे जातीनं वाटलेलं होतं. ज्यांच्याकडे ते जास्त होतं, त्यांना पान कमी वाढलं जाई. राजारामपुरीतल्या बंगल्यात राहणाऱ्या माझ्यासारख्यानं 'चला, निसर्गाकडे' अशी हाक देताना एवढं तरी लक्षात ठेवावं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ साली मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटालियन कंपनीनं कोल्हापूरचं नाव न घेता तसलीच चप्पल दाखवली तेव्हा सगळं गाव खवळलं, मीही खवळलो. पण ती चप्पल ज्या कातड्याची होते ते कमावणाऱ्याला आपल्या पोरांच्या वर्गात खुर्ची द्यावी, असं त्या गदारोळात मलाही सुचलं नव्हतं.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येतो. माझेच जुने सहकारी तो घेतात: "आधी हात तयार होऊ दे, मग प्रयोग. कोल्हापूरची परंपरा कसलेल्या हाताची आहे. असल्या चिखलकाल्यानं ती बुडेल." हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण माझं निम्मं आयुष्य ह्याच वाक्यावर गेलं. पण परंपरा नीट बघावी. आबालाल रेहमान जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार, हाताबद्दल शंकाच नको. हाच माणूस इथल्या कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहून निसर्ग रंगवत राहिला, आणि रंग नसले की झाडपाला, माती हाताशी असेल त्यातून रंग करून घ्यायचा, असं जुनी माणसं सांगत. १९३१ साली ते गेले. त्यांची चित्रं बघायला आपण टाऊन हॉलच्या संग्रहालयात जातो, रंग करून बघण्याचा त्यांचा उद्योग मात्र अभ्यासक्रमात घेत नाही. बाबूराव पेंटरांचंही तेच. पडदे रंगवणारा हा माणूस सिनेमाचा कॅमेरा घरी बनवायच्या नादाला लागला. सोबतचे चुलतबंधू आनंदराव १९१६ साली वारले, तरी नाद सुटला नाही, आणि पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कॅमेरा होईल की नाही हे सुरुवातीला कुणाला ठाऊक होतं? कोल्हापूरची परंपरा कसलेल्या हाताची आहेच, पण तो हात खटपट्याही होता. आम्ही मास्तरांनी परंपरेतला निम्मा भाग तेवढा शिकवायला घेतला. त्याला गुण देता येत होते म्हणून.

दुसरं असं की साहित्य स्वतःच शिस्त लावतं. पोस्टर कलर चुकीला माफ करतो, वरून दुसरा थर मारला की झालं. ओली माती उन्हात ठेवली तर तडकणार, तिथं सरांची ओळख चालत नाही. हळदीत चुना पडला की लाल होणारच, तुम्हाला पिवळा हवा असला तरी. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज ह्यांनी १९३८ साली 'संथाळ कुटुंब' हे शिल्प उभं केलं ते सिमेंट आणि तिथल्या तांबड्या जांभ्याच्या खडीचं. त्या खडीमुळे पृष्ठभाग खरबरीत झाला, बारीक नाकडोळे काढायची सोय राहिली नाही, आणि म्हणून ती माणसं जमिनीतून उठून चालू लागल्यासारखी दिसतात. तसलाच तांबडा जांभा आमच्या पन्हाळ्यावर पायाखाली आहे. सहलीत मुलं त्याच्यावर उभी राहून सेल्फी काढतात.

परदेशात ह्या प्रकाराला मोठमोठी नावं आहेत. १९६७ साली रिचर्ड लाँग ह्या इंग्रज तरुणानं गवताच्या मैदानात नुसत्या येरझाऱ्या घालून एक सरळ रेघ पाडली आणि तिचा फोटो काढला. कलेच्या इतिहासात ती रेघ आहे. मी हे एकदा शिक्षकांच्या बैठकीत सांगितलं तर मागून आवाज आला, "मग आमच्या म्हशीनं रंकाळ्यापर्यंत केवढी काढलीय!" सगळे हसले, मीही. पण त्या तरुणानं रेघ पाडून मागं वळून पाहिलं होतं. म्हैस वळत नाही. मुलांना आपण वळून बघायला वेळ देतो का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि वाट बघायला? ती तर कोल्हापूरकराला शिकवायची गरज नाही. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, वर्षातून दोनदा, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या पायांपासून मुखापर्यंत चढतात. ज्यांनी हे जमवलं त्यांचं साहित्य होतं दगड आणि ऊन. गर्दी श्वास रोखून उभी असते. कधी ढग येतात, कधी धुरळा, कधी किरण कमरेपर्यंत येऊन विरतात. पुढच्या वेळी लोक पुन्हा येतात. किरणं आली नाहीत म्हणून कुणी देवळाचे गुण कापल्याचं ऐकलेलं नाही.

मात्र एका जागी माझाच युक्तिवाद माझ्या पायात येतो, तो लपवत नाही. पावसाळा ओसरला की पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर गाळाचा थर राहतो. ऊन पडलं की त्याला भेगा पडतात, भाकरीच्या पापुद्र्यासारख्या खपल्या सुटतात, खालची बाजू मऊ, वरची कडक. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर असला गाळ लोकांच्या माजघरात होता. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी लागते, त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्या गाळाला 'साहित्य' म्हणायची माझी छाती नाही. कुंभार गल्लीतल्या अर्ध्या तयार मूर्ती उचलून पळताना मी माणसं पाहिली आहेत. पण एरवीच्या वर्षी, साध्या पावसाळ्यानंतर, मुलांना घाटावर नेऊन त्या खपल्यांशी खेळू द्यावं असं मनात येतं, आणि लगेच जयंती नाला आठवतो. शहराचं मैलापाणी ज्या नाल्यातून नदीला भेटत आलं, त्या नदीच्या गाळात नातीचे हात घालायला मी तयार नाही. एकदा नेली होती मुलं, आणि "हात लावू नका, नुसतं बघा" असं सांगून परत आणली. चित्रकलेच्या मास्तरानं ह्याहून लाजिरवाणं वाक्य उच्चारलं नसेल. मुलं नदीकाठी चिखलात हात घालू शकतात का, ही नदी किती स्वच्छ आहे हे मोजायची एक चांगली पट्टी आहे. प्रदूषण मंडळाचे आकडे आपल्याला समजत नाहीत, ही पट्टी कुठल्याही आईला समजते.

तेव्हा मागणी काय? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला १०० पेक्षा जास्त मुलं असतील तिथं कलेसाठी अर्धवेळ निदेशक सांगितला आहे. गगनबावड्याच्या, शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवर शंभर मुलं कुठून आणायची? म्हणजे जिथं दारात ओढा आहे, हिरडा आहे, तांबडी काळी माती आहे, तिथं कलेचं माणूस नाही, आणि जिथं आहे तिथं डांबरी मैदान आहे. ही आकड्याची अट बदलावी. तोवर चार-पाच छोट्या शाळांनी मिळून एक माणूस घ्यावा, आणि तो पदविकाधारकच पाहिजे असा हट्ट नको. कुंभार चालेल, बुरूड चालेल, कातडं कमावणारा चालेल. शहरातल्या महापालिकेच्या शाळांत एक खोली रिकामी निघतेच. तिथं फरशी उखडून माती करा, नळ द्या, आणि त्या खोलीतल्या कामाचं प्रदर्शन भरवायचं नाही असा लेखी नियम करा. प्रदर्शन म्हटलं की पाहुणे येतात, पाहुणे म्हटलं की सर रात्री बसून मुलांची कामं नीट करतात. मी केली आहेत. ग्रेड परीक्षा आहेत तशा राहू देत. आठवड्यातला एक तास फक्त असा असू दे की ज्याच्या शेवटी "काय केलंस?" असं विचारायचं नाही, "काय झालं?" असं विचारायचं.

ह्यातला एक तुकडा मी करून पाहिला. एका शाळेनं दिवाळीनंतर चार शनिवार दिले. कुंभारमामा आले, मुलांनी खडे काढले, पहिल्या भाजणीत बहुतेक सगळं फुटलं, दुसऱ्यात थोडं वाचलं. मामांना मानधन द्यायचं मी आधीच कबूल करून घेतलं होतं, कारण कलेच्या नावाखाली कारागिराला चहा-बिस्किटावर राबवून घेणं मला पसंत नाही. शेवटच्या शनिवारी ऑफिसात गेलो तर बिलावरून अडलं होतं. पाहुणे व्याख्याते म्हणावं तर पदवी नाही, साहित्य खरेदी म्हणावं तर पावती नाही. क्लार्कबाईंनी बराच वेळ वही चाळली, चष्मा पुसला, मला विचारलं, "सर, हे नक्की काय होतं?" मी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि रक्कम 'किरकोळ दुरुस्ती' ह्या खात्यात टाकली. मामांनी पैसे मोजून खिशात ठेवले आणि मला विचारलं, "दुरुस्ती कशाची वो सर?"